पाजायच्या वेळेचा आवाज

आमच्या मेंढरांचा आवाज एका सिनेमातल्या खुनाला लावलाय, आणि त्या आवाजाचं भरपूर कौतुक झालंय. सिनेमाचं नाव मी सांगणार नाही. ज्यांनी पाहिलाय त्यांना ते कळेलच, आणि ज्यांनी पाहिला नाही त्यांनी माझ्यामुळे तो पाहावा अशी माझी अजिबात इच्छा नाही.

मी बीडमध्ये लग्नाचे व्हिडिओ जोडतो. शूटिंग दुसरे करतात, मी दुकानात कॉम्प्युटरसमोर बसून अख्खं लग्न तासाभरात बसवतो. माणसाला कुठं रडू येतं हे मला पोटापाण्यासाठी शिकून घ्यावं लागलं. नवरी गाडीत बसताना नुसती दाखवली तर फक्त तिची आई रडते. त्याच्या आधी तिचा शाळेतला, लाल रिबिनीच्या वेण्यांचा फोटो ठेवला आणि मग गाडीचं दार लागताना दाखवलं, की वराकडचे मिशीवाले काकासुद्धा डोळे पुसतात. एवढीच विद्या. सिनेमावाल्यांकडे हीच असते, फक्त त्यांचे कॅमेरे महाग असतात आणि ते तिच्यावर भाषणं देतात.

आमची वस्ती लिंबागणेशच्या पुढं, डांबरी सोडून माळाला लागलं की. तिथं माय आणि थोरला भाऊ राहतात. बाप गेल्यावर भावानं शेत घेतलं, मी बीड धरलं, आणि मेंढरं मायकडं राहिली. राहिली म्हणजे तिनं ती कुणाला दिलीच नाहीत. पण गुडघे कुणाचं ऐकत नाहीत. त्यात माळाला कुंपणं पडत गेली. आज इथं तारा, उद्या तिथं फाटक, आणि चारायला दरवर्षी लांब लांब जावं लागायला लागलं. कळप विकायचा हे घरात ठरलं होतं. ठरलं होतं म्हणजे भावानं आणि मी ठरवलं होतं. माय त्या विषयावर काही बोलत नव्हती. सिनेमावाले आले ते याच दिवसांत.

पाजायची वेळ म्हणजे काय, ते आधी सांगायला हवं. सकाळी मेंढ्या चरायला निघतात तेव्हा लहान पिल्लं घरी राहतात, त्यांना तेवढं चालवत नाही. दिवसभर ती जाळीच्या कुंपणात कोंडलेली असतात. संध्याकाळी कळप माळावरून खाली उतरायला लागला की आधी मेंढ्या ओरडतात, मग आतून पिल्लं ओरडतात, आणि जाळी उचलली की जो कल्ला होतो त्यात शेजारच्या माणसाचं बोलणं ऐकू येत नाही. सगळ्या मेंढ्या सारख्या, सगळी पिल्लं सारखी, आणि प्रत्येकाला आपलंच हवं असतं. परकं पिल्लू आलं की मेंढी त्याला ढुशी मारते. ते पडतं, उठतं, पुन्हा ओरडत पळतं. माय मधोमध उभी राहून हाका घालायची, चुकलेल्याला मानेला धरून त्याच्या आईखाली लावायची, आणि हसायची. एरवी माझी आई फारशी हसणारी बाई नाही. दिवसातून एकदा, याच वेळेला, ती तोंडभरून हसायची. मग एकेक तोंड आईच्या सडाला लागेल तसा आवाज कमी होत जायचा आणि शेवटी नुसत्या हलणाऱ्या शेपट्या दिसायच्या.

नवख्याला हा आवाज भयंकर वाटतो. म्हाताऱ्या मेंढीचा घोगरा गळा थेट माणसासारखा लागतो. माझ्या बायकोनं लग्नानंतर तो पहिल्यांदा ऐकला तेव्हा लांडगा आला म्हणून ती घरात पळाली होती. आम्हाला मात्र तो ऐकला की बरं वाटायचं. दिवस निभावला, सगळी परत आली, एवढाच त्याचा अर्थ. उलट जनावर कापतात तेव्हा आवाज होत नाही. आमचं घर मेंढे विकूनच चाललंय, कापणाऱ्याच्या दारात मी लहानपणापासून उभा राहिलोय, तेव्हा हे मी खात्रीनं सांगतो. मेंढरू त्या वेळी डोळे उघडे ठेवून गप्प राहतं. ओरडतं ते दुधासाठी.

तर सिनेमावाले आले. दिग्दर्शक मऊ बोलणारा, पायात साध्या चपला. असल्या माणसांचा मला संशय येतो, पण हा खरोखर चांगला वागला. मायच्या हातचा चहा मागून प्यायला, घोंगडीवर मांडी घालून बसला. त्याला माळ हवा होता, कळप हवा होता आणि ‘खरं’ हवं होतं. खरं हा शब्द तो फार वापरायचा. भावाशी त्याचं व्यवहाराचं बोलणं चाललं होतं, तेवढ्यात माय मधेच म्हणाली, “सायेब, ते तुमी अन ह्यो बघून घ्या. माजं येकच हाय. माजी समदी मेंढरं दिसली पायजेत त्याच्यात. पिल्लं बी.”

“दिसतील की, आजी.”

“कावून म्हंते ते ऐका. ही आता जानार हायेत. मंग मला कुटं बघाया मिळनार?”

त्यानं मायचा हात हातात घेतला आणि म्हणाला, “आजी, सिनेमात गेलेलं कधी जात नाही. ते तिथंच राहतं.”

मला ते वाक्य तेव्हाच जरा जास्त गुळगुळीत वाटलं. मायला मात्र ते पटलं. कळप विकण्याबद्दल ती पहिल्यांदा काहीतरी बोलली ती त्याच संध्याकाळी. “जाऊ द्या मंग,” म्हणाली. “शिनेमात हायेतच.” म्हणजे आम्हा दोघा भावांना वर्षभर समजावून जे जमलं नाही, ते या माणसानं एका वाक्यात केलं. आम्हाला बरंच वाटलं, खोटं कशाला बोलू.

शूटिंगच्या दिवसांत मी दुकान बंद ठेवून वस्तीवर राहिलो. आवाज घेणारा एक माणूस होता, कानाला मोठे हेडफोन, हातात लांब काठी, आणि काठीच्या टोकाला केसाळ कव्हरातला माइक. पाजायच्या वेळेला तो पिल्लांच्या मधोमध गुडघ्यावर बसला. एका काळतोंड्या पिल्लानं तो माइक हुंगला आणि थेट चोखायलाच लागलं. मायला हसू आवरेना. “आरं येड्या, त्याच्यात दूद न्हाई!” असं ओरडत तिनं त्याला मानेला धरून बाजूला केलं. सगळे हसले, दिग्दर्शकही हसला, आणि त्यानं हाताच्या खुणेनं सांगितलं की कॅमेरा बंद करू नका. तेव्हा मला वाटलं, काय छान माणूस आहे.

एका दुपारी तो मला चौसाळ्याला घेऊन गेला. त्याला फोनला रेंज हवी होती. हायवेवरच्या हॉटेलात आम्ही चहा घेतला, आणि मी काय काम करतो हे कळल्यावर तो मोकळेपणानं बोलायला लागला.

“मारहाण नुसती दाखवली की माणूस डोळे मिटतो,” तो म्हणाला. “आणि नाही मिटले तर थोड्या वेळानं त्याला सवय होते. पण तिच्या शेजारी काहीतरी कोवळं ठेवा. कोवळं बघायला म्हणून तो डोळे उघडे ठेवतो, आणि तेवढ्यात आपण काठी मारायची.”

मी त्याला रिबिनीच्या वेण्यांचं सांगितलं. त्यानं माझ्या पाठीवर थाप मारली. “म्हणजे आपण एकाच धंद्यातले!” मी इतका खूश झालो की चहाचे पैसे मीच दिले. कोवळं म्हणजे नेमकं काय, हे विचारायचं मला सुचलं नाही.

ते गेले आणि त्यानंतर लवकरच कळप गेला. टेम्पो आला तेव्हा माय घरात बसून राहिली. भाऊ आणि मी एकेक मेंढरू उचलून वर दिलं. पिल्लं वेगळ्या माणसानं नेली. ओरडाआरडा झाला, पण टेम्पोचं इंजिन चालू होतं म्हणून फार ऐकू आला नाही. त्यानंतर दिवस कलला की माय उठायची, जाळी होती त्या जागेवर जाऊन उभी राहायची आणि परत यायची. भाऊ म्हणाला, होईल सवय. मीही तेच म्हणालो. मी गेलो की तिचा एकच प्रश्न असायचा, “आला का रं तो शिनेमा?” न्हाई आला म्हटलं की ती चहाचं आधण ठेवायची. तिच्याकडं कळपाचं काहीच नव्हतं. मी परक्यांच्या पोरींच्या हळदी जपून ठेवल्या, त्यांच्या डब्यातल्या पुऱ्यासुद्धा माझ्या हार्ड डिस्कवर आहेत, पण आमच्या मेंढरांचे दोन हललेले फोटो तेवढे माझ्या फोनमध्ये निघाले. रोजच्या गोष्टीचं शूटिंग कोण करतं?

शेवटी सिनेमा आला. दिग्दर्शकानं जाताना दिलेला शब्द पाळला आणि बीडच्या थिएटरात आमच्यासाठी खास खेळ ठेवला. वस्तीवरून दोन जीपा भरून माणसं आली. मायनं ठेवणीतलं लुगडं नेसलं होतं. पुढच्या रांगांत पाहुणे, पत्रकार, कॉलेजचे प्राध्यापक, आणि मागं आम्ही. पहिला तासभर आमचं काहीच नव्हतं. गावातला एक साधा माणूस, त्याची लेक, त्याच्यावर डूख धरलेले तिघं. माय शांतपणे बघत होती. मधे एकदा माझ्या कानाशी येऊन म्हणाली, “आपली कवा येतेत?”

मग ती आली. संध्याकाळचा माळ. एका टोकाला त्या माणसाला तिघांनी अडवलंय, दुसऱ्या टोकाला त्याची लेक कळप घेऊन उतरतेय. काठी वर जाते, आणि पिल्लांची जाळी वर उचलली जाते. माणूस पडतो, आणि ढुशी खाऊन पिल्लू पडतं. माणूस उठतो, पिल्लू उठतं. त्याच्या तोंडाला रक्त, पिल्लाच्या तोंडाला दुधाचा फेस. आणि या सगळ्याखालून आमचा आवाज वर चढत जातो. आधी लांबून, मग जवळून, मग त्या माणसाच्या ओरडण्यात असा मिसळतो की तो ओरडतोय की मेंढी, हेच कळत नाही. मधे एक क्षण मायचा चेहरा येतो. ती तोंडभरून हसतेय, पण हसण्याचा आवाज काढून टाकलाय. नुसतं उघडं तोंड. ती माइक चोखणाऱ्या पिल्लाला हसली होती तेच ते हसणं. आणि मग एकेक तोंड सडाला लागेल तसा आवाज कमी होत जातो, कमी होत जातो, आणि बंद होतो. तेव्हा माणूस मेलेला असतो. दूध मिळाल्यावर आमच्याकडं जी शांतता होते, ती त्यानं त्या माणसाच्या मरणाला देऊन टाकली होती.

धंदेवाईक नजरेनं बघितलं तरी सीन जबरदस्त आहे. हे मला मान्य करावं लागतं, आणि त्याचाच मला जास्त राग येतो. वाईट काम वाईट रीतीनं केलेलं असलं की निदान शिव्या तरी पोटभर देता येतात.

पण हे सगळं मला नंतर, पुन्हा पुन्हा बघून सुचलं. त्या दिवशी थिएटरात ते बघायला मिळालंच नाही, कारण जाळी उचलली गेली तशी माय खुर्चीतून उठून उभी राहिली होती.

“आली गं बया!” ती ओरडली. “ती बघ, टिकली! अन ती मागची कानतुटकी! आगं, पिल्लू हिकडं हाय तुजं, हिकडं!” आणि तिनं हाक घातली. कळप उतरताना घालायची तीच, गळ्याच्या मुळातून काढलेली, माळाच्या दुसऱ्या टोकाला ऐकू जाणारी हाक. आमच्या वस्तीवरच्या बाया हसायला लागल्या. त्यांनीही आवाज ओळखला होता. एकीनं दुसरीला कोपरानं ढोसलं, कुणी टाळी दिली, कुणी पदर तोंडाला लावून डोळे पुसले. पडद्यावर माणसाचं डोकं फुटत होतं आणि मागच्या रांगा लग्नघरासारख्या हसत होत्या.

पुढच्या सगळ्या माना मागं वळल्या. मी ते चेहरे विसरणार नाही. “गप्प बसा हो,” एक गृहस्थ म्हणाले, “लाज वाटत नाही का?” आमच्यातला एक चुलत भाऊ तापट आहे. तो म्हणाला, “गप कावून बसायचं बे? आमचीच मेंढरं हायेत ती!” त्यावर आणखी हशा झाला. मी मायचा हात धरून तिला खाली बसवलं. तोवर सीन संपला होता.

दिवे लागल्यावर दिग्दर्शक माइक घेऊन उभा राहिला. पुढच्या रांगेतल्या एका बाईंनी त्याच्या हातातला माइक घेऊन थेट मायला विचारलं, “आजी, एका माणसाला इतकं क्रूरपणे मारतात, आणि तुम्हाला हसू आलं?”

माय गोंधळली नाही. “मंग रडू का?” ती म्हणाली. “पाजायची येळ हाय ती.”

बाईंना काही कळलं नाही. दिग्दर्शकाला कळलं. त्याच्या चेहऱ्याकडं बघून मी सांगू शकतो की त्याला नीट कळलं. एका वाक्यात तो सगळ्यांना सांगू शकला असता, की हा आवाज कसला आहे, या बाया कशाला हसल्या. पण मग सीनचं काय झालं असतं? तो गोड हसला आणि म्हणाला, “हीच आपल्या मातीची निरागसता आहे.” टाळ्या पडल्या.

त्यानंतर एक लेख फिरला. बीड जिल्ह्यात हा सिनेमा दाखवला तेव्हा खुनाच्या दृश्याला प्रेक्षक हसले, टाळ्या देत होते, एक म्हातारी तर उभी राहून ओरडली, आणि हिंसा इतकी अंगवळणी पडलेल्या समाजाचं काय करायचं, असा तो लेख होता. लिहिणारा हुशार होता, भाषा चांगली होती. बीडचे का, असं म्हणून भुवई वर करणारे आधीच कमी नाहीत, त्यांना आता आमची माय सापडली. जन्मात कुणावर हात न उचललेली बाई. दिग्दर्शकानं तो लेख हात जोडल्याची खूण टाकून पुढं पाठवला. मी त्या रात्री जेवलो नाही. राग आला की मला जेवण जात नाही, आणि तो पुष्कळ दिवस येत राहिला.

मी दिग्दर्शकाला फोन केला. भांडायला केला होता, पण माय शेजारी बसलेली होती म्हणून आवाज खाली ठेवला. म्हटलं, जाऊ द्या, झालं ते झालं, आमच्या कळपाचं जे शूटिंग घेतलं होतं, न जोडलेलं, तेवढं द्या. आईला बघायचंय. तो म्हणाला, “दादा, ते मटेरियल आता कंपनीकडं आहे. बाहेर देता येत नाही.” मी म्हटलं, कंपनीला मेंढरांचं काय करायचंय? तो म्हणाला, “तुम्हीही याच धंद्यातले. समजून घ्या.” पुढं माझा फोन त्यानं उचलला नाही.

मायला लेखाचं काही वाटलं नाही. तिला तो वाचून दाखवलाच नव्हता. तिला एकच पाहिजे होतं, “परत कवा बघाया मिळंल?” थोड्या दिवसांनी सिनेमा मोबाइलवर आला. भावानं त्याच्या जुन्या फोनवर तो घालून दिला, तो सीन कुठं आहे ते दाखवून दिलं, आणि आम्हाला वाटलं, एकदाचं झालं.

मग वहिनीचा फोन आला. “भावजी, तुमी येऊन बघा,” ती म्हणाली. “रोज दिवा लावायच्या टायमाला ह्या खून लावून बसतेत. लेकरं भितेत घरातली. शेजारची काय काय बोलायली.”

मी गेलो. दिवस कलला होता. माय जाळी होती त्या जागेवर खाली बसली होती, फोन कानाला लावलेला, डोळे मिटलेले. आवाज पूर्ण वाढवलेला होता. फोनच्या एवढ्याशा भोकातून एक माणूस जिवाच्या आकांतानं ओरडत होता आणि माझी आई शांत चेहऱ्यानं मान हलवत होती. मी जवळ बसलो. ती पुटपुटत होती. “ही टिकली... ही तिची... ही म्हातारी, हिचा गळाच बसलेला...” सीन संपला, शांतता झाली. तिनं डोळे उघडले, मला पाहिलं, आणि फोन माझ्या पुढं केला.

“येक काम कर,” ती म्हणाली. “मदी मदी तो मानूस लई वरडतो. त्याच्यापायी कानतुटकी न्हाई आयकू येत. त्याचा आवाज तेवडा काडता येतो का बघ. तुजं तर कामच हाय.”

मला वाटलं, ती बिघडलीय. मग वाटलं, नाही, माझ्याच आईला मी त्या लेखवाल्याच्या नजरेनं बघतोय. ती माणसाच्या मरणावर हसणारी नव्हती, तिला तो माणूस म्हणून ऐकूच येत नव्हता. आणि हे काही चांगलं आहे अशी मी माझी समजूत घालू शकलो नाही. माझ्या बापाला चक्कर आली तेव्हा हीच बाई अनवाणी चौसाळ्याच्या रस्त्यापर्यंत पळाली होती. एखादं पोर शेजारी रडलं तरी हिचा घास हातात राहायचा. अशा बाईला रोज संध्याकाळी माणूस मरताना ऐकायची सवय लागली, ती कुणाच्या कलेमुळं?

मी तो भाग दुकानात कॉम्प्युटरवर घेतला. आवाजातून आवाज वेगळा काढणारं सॉफ्टवेअर माझ्याकडं आहे. मंडपातला जनरेटर मी त्यानंच काढतो. पण इथं ते चालेना. माणसाचा गळा कुठं संपतो आणि मेंढीचा कुठं सुरू होतो, हेच त्याला कळेना. माणूस काढला की म्हाताऱ्या मेंढ्या जात, कानतुटकी तर सगळ्यात आधी जाई. मेंढ्या ठेवल्या की तो परत ओरडत येई. आवाजवाल्यानं काम चोख केलं होतं. मी हेडफोन लावून तोच तुकडा पुढं-मागं करत बसलो. दुपारी डबा उघडला, तेव्हा कान बंद करायचंही माझ्या लक्षात आलं नाही. मेथीची भाजी होती. मी जेवत होतो आणि कानात तो मरणारा माणूस आईला हाक मारत होता, आणि ती हाक म्हणजे मला स्क्रीनवरची एक उंच रेघ होती, जी खाली आणायची होती. शेजारी कोवळं ठेवलं की सवय होत नाही म्हणे. मला दुपारपर्यंतचा वेळ पुरला.

शेवटी एकच मार्ग उरला. त्या माणसाचे सगळे तुकडे आवाजासकट कापून टाकायचे आणि मेंढरांचे तेवढे एकाला एक जोडायचे. ते मी केलं. काठी गेली, रक्त गेलं, तिघं गेले. लहान मुलांना दाखवावी अशी स्वच्छ गोष्ट झाली. दुसऱ्या दिवशी मी ती फोनमध्ये घालून वस्तीवर घेऊन गेलो.

माय वाट बघत होती. मी फोन तिच्या हातात दिला. कळप उतरला, जाळी उचलली गेली, टिकली दिसली, एक पिल्लू पडलं, शेपट्या हलल्या, आणि संपलं. मी चालू केल्यापासून तिनं पदरसुद्धा सारखा केला नव्हता.

“येवडंच?” ती म्हणाली.

“येवडंच हाय माय. बाकी समदं त्याला मारतानाचं हाय.”

तिनं पुन्हा लावायला सांगितलं. मी पुन्हा लावलं. पुन्हा तेवढंच. मग तिनं फोन माझ्याकडं परत दिला.

“मंग घाल त्याला परत,” ती म्हणाली. “तो मरस्तोवर तरी पिल्लं वरडतेत.”

मी आधीचंच लावून दिलं.